पेणची पहिली लिपी

बातमी आली तेव्हा मी रोह्याच्या घरी ओटीवर बसून मोड आलेले वाल सोलत होते. सकाळचे दहा वाजले असतील. बाजूला पालथा ठेवलेला फोन दोनदा थरथरला, पण हात ओले होते म्हणून लगेच उचलला नाही. आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक ग्रुप आहे. त्यावर एका मुलानं इंग्रजीत लिहिलं होतं, यमुना घरत बाई आज सकाळी पेणला वारल्या. मुलगा म्हणजे आता पन्नाशीचा गृहस्थ. यमुनाची आणि माझी मैत्री जवळजवळ पन्नास वर्षांची, आणि ते वाक्य वाचताना मला सगळ्यात आधी दिसली ती पेण या शब्दातली पी. छोटी, दुसऱ्या लिपीतली. क्षणभर मनात आलं, यमुनानं हे पाहिलं तर ती फोन करून त्याला झापेल... आणि मग वाक्याचा बाकीचा अर्थ पोचला.

मिनिटभरात खाली आणखी कुणाचा तरी निरोप उमटला. त्यात दुःखाचे शब्द नव्हते, हात जोडल्याचं चित्र नव्हतं. नुसता एकच शब्द होता, पेण, आणि त्यातली पी मोठी, पहिल्या लिपीतली. मग तसाच दुसरा. मग तिसरा. कुणी कोलाडहून, कुणी ठाण्याहून, कुणी आखातातल्या कंपनीतून शिफ्ट संपवून. दुपारपर्यंत त्या शब्दाची मोठी रांग लागली होती. शेवटी पहिला निरोप लिहिणाऱ्यानंही तो शब्द नीट लिहिला आणि खाली दोनच शब्द घातले, "चुकलो, बाई." ते कुणाला उद्देशून होते हे सांगायची गरज नव्हती. वाल तसेच राहिले. मी पदरानं डोळे पुसत होते आणि मधेच हसतही होते.

आता तीन आठवडे झाले. यमुना कोण होती हे मला नीट सांगता यावं म्हणून लिहायला बसले आहे. ती रोह्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची आणि मी इतिहास. आम्ही एकाच जूनमध्ये रुजू झालो. तेव्हा मीही पेणलाच राहत होते, त्यामुळे सकाळची एसटी एकच, संध्याकाळची एकच. वडखळ, नागोठणे आणि मग रोहा. हा प्रवास आम्ही सव्वीस वर्षं एका बाकावर बसून केला. खिडकी तिची. बाहेरची एकूणएक पाटी ती ओठांतल्या ओठांत वाचायची, आणि एखादी चुकीची लिहिलेली असली की मला कोपर मारायची. सुरुवातीला मला वाटलं, ही बाई जरा विक्षिप्त आहे. शाळेतही तसंच बोललं जायचं. निबंध कितीही चांगला असो, गावाचं नाव इंग्रजीत छोट्या अक्षरानं सुरू केलं की ती अख्खा मार्क कापायची. हल्लीची मुलं कॅपिटल आणि स्मॉल म्हणतात, आमच्या वेळी पहिली लिपी आणि दुसरी लिपी म्हणत. तर पहिल्या लिपीवाचून घरतबाईंकडे कुणाची सुटका नव्हती.

एकदा बसमध्ये मी तिला बोलले. एका हुशार मुलीचा पहिला नंबर त्या एका मार्कानं गेला होता आणि ती पोर माझ्या तासाला रडत बसली होती. मी म्हटलं, "एका अक्षरासाठी अख्खा मार्क कापायचा म्हणजे जरा जास्तच होतं, यमुना." बस वडखळच्या नाक्यावर उभी होती, अलिबागकडे जाणारे लोक उतरत होते. तिनं खिडकीबाहेरची पाटी वाचून संपवली. मग म्हणाली, "माझा मार्क नाय गो कापला. माझं वर्ष कापलं." आणि नागोठणं येईपर्यंत तिनं मला तिची गोष्ट सांगितली.

यमुना दादरची. हे सांगितलं की लोक हमखास विचारायचे, पूर्व की पश्चिम? ती शांतपणे सांगायची, "आमच्या दादरच्या पूर्वेला शेत आणि पश्चिमेला खाडी." मुंबईतलं नव्हे, पेण तालुक्यातल्या खारेपाटातलं, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवरचं हे दादर. तिचे वडील मिठागरावर कामाला होते. थोडी भाताची जमीन, बाकी मीठ. मुलगी मॅट्रिक झाली तेव्हा त्यांनी तिला शिक्षिका करायचं ठरवलं आणि पेणच्या बाजारात इंग्रजी अर्ज टाइप करून देणाऱ्या एका माणसाकडे घेऊन गेले. त्याच्या मशीनची मोठी अक्षरं उमटवणारी कळ मोडली होती. त्यानं सगळा अर्ज छोट्या अक्षरांत ठोकला. पत्ता लिहिला दादर, पेण, कुलाबा. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव नंतर आलं.

अर्ज परगावच्या एका अध्यापिका विद्यालयात गेला. तिथल्या कारकुनानं पत्ता वाचला. दादर मुंबईत, कुलाबाही मुंबईत. मधे एक छोट्या अक्षरांतला पेन. आपल्या ण साठी इंग्रजीत अक्षर नाही, त्यामुळे पेण आणि पेन तिथे एकच होतात. त्याला वाटलं, पेनाबद्दलची कसलीतरी सूचना मधेच टाइप झाली असेल. मुलाखतीचं पत्र पाठवताना त्यानं तो शब्द गाळला आणि शेवटी मुंबई असं घातलं. पत्र दादरच्या गल्ल्यांमध्ये महिना-दीड महिना फिरलं. शेवटी कुणी शहाण्यानं ते पेणकडे धाडलं. यमुनाच्या हातात पाकीट पडलं तेव्हा त्यावर शिक्क्यांना जागा उरली नव्हती आणि मुलाखतीची तारीख केव्हाच होऊन गेली होती.

ते वर्ष तिनं वडिलांबरोबर मिठागरावर काढलं. खारं पाणी पायांना लागून टाचांना चिरा पडायच्या, त्या चिरांत मीठ जायचं. मिठाची टोपली डोक्यावर घेऊन बांधावरून जाताना ती रोज त्या पाकिटाचाच विचार करायची. एकदा टोपली खाली टाकून ती बांधावरच बसली आणि म्हणाली, आता मला शिकायचं नाही. वडिलांनी ती टोपली उचलून सरळ ठेवली. मग म्हणाले, "गाव आपला हितंच हाय, बाय. तो कागदावं हरवला. तू कागदावं हुडक त्याला."

दुसऱ्या वर्षी तिनं अर्ज कुणाकडून लिहून घेतला नाही. शाळेतल्या गुरुजींकडे आठ दिवस बसून अक्षरं गिरवली आणि स्वतःच्या हातानं लिहिला. डी मोठा, पी मोठी, के मोठा. तालुका कुठला आणि जिल्हा कुठला तेही सुटं करून लिहिलं. मुलाखतीला गेली तेव्हा तिनं मुद्दाम त्या कारकुनाला शोधून विचारलं, मागच्या वर्षी पेण का गाळलंत? तो बिचारा गोंधळून म्हणाला, मला ते गाव वाटलंच नाही. "नलू, मला ते गाव वाटलंच नाही, असं म्हणाला तो," यमुना बसमध्ये मला म्हणाली, "आणि त्याची चूक नव्हती. आमच्याकडून गेलेल्या कागदावर ते गावासारखं दिसतच नव्हतं." त्यानंतर मी त्या मार्काबद्दल तिला पुन्हा कधी बोलले नाही.

तिचा वर्ग माझ्या वर्गाच्या शेजारी. मधे लाकडी पार्टिशन, त्यामुळे तिचा निम्मा तास मला ऐकू यायचा. पाचवीच्या नव्या मुलांना ती पहिल्या दिवशी एबीसीडी शिकवत नसे. एकेकाला उभं करून विचारायची, तू कुठला? मुलं सांगायची, ती ते नाव फळ्यावर इंग्रजीत लिहायची आणि पहिलं अक्षर रंगीत खडूनं काढायची. मग सांगायची, "मराठीत आपण मोठ्या माणसाला अहो-जाहो करतो. इंग्रजीत अहो-जाहो नाही. तिथे मान द्यायचा असला तर एकच सोय आहे, नावाचं पहिलं अक्षर मोठं काढायचं. तुमच्या गावाला तुम्हीच मान दिला नाही तर बाहेरचा कोण देणार?" घरी जाताना प्रत्येक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर त्याचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा लिहिलेला असायचा. कुणाच्या गावाचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं याबद्दल तिची अट होती. पुस्तकात बघायचं नाही, नकाशात बघायचं नाही, गावाला विचारायचं.

एके वर्षी खांब गावची सुगंधा नावाची मुलगी वर्गात आली. खांब हे कोलाडच्या अलीकडे हायवेवरचं गाव. सुगंधा चुणचुणीत होती. तिनं निबंधात लिहिलं, मी पिलर गावात राहते. वर्ग हसायला लागला. यमुना हसली नाही. मला पार्टिशनपलीकडून ऐकू आलं, "सुगंधा, तुला खांब या शब्दाचं इंग्रजी येतं हे चांगलं आहे. पण मग तुला मी इंग्रजीत काय म्हणू?" मग मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "स्मेल." आता मात्र माझाही वर्ग हसायला लागला. यमुनानं सगळ्यांना हसून घेऊ दिलं आणि म्हणाली, "बघा, नावाचं भाषांतर केलं की काय होतं ते. सुगंधा जगात कुठेही गेली तरी सुगंधाच. तसंच तिचं गाव." सुगंधानं मग पुढे बोट वर करून विचारलं, "बाई, रोह्याच्या आधी द लावायचा नाय, पण कुंडलिकेच्या आधी लावायचा, असं का?" यमुना म्हणाली, "मला माहीत नाही. शोधून सांगते." त्या काळात मला माहीत नाही असं वर्गात म्हणणारे शिक्षक मी फार पाहिले नव्हते. आठवडाभर तिनं मिळतील ती व्याकरणाची पुस्तकं चाळली. पुढच्या सोमवारी वर्गाला सांगितलं, "नियम सापडला, नद्यांना लावतात. कारण नाही सापडलं. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर मला येऊन सांगा." तिला ते कारण शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, मला वाटतं.

दहावीनंतर मुलं कारखान्यांत, परगावी, आखातात जायची. त्यांना शाळेचा दाखला इंग्रजीत लागायचा. मुख्याध्यापकांनी ते काम यमुनाच्या गळ्यात टाकलं आणि तिनं ते आनंदानं घेतलं. रजिस्टरात सगळं मराठीत. गावाचं नाव इंग्रजीत करताना ती कुणी आई-वडील, आजी-आजोबा दाखला न्यायला आले की त्यांच्या तोंडून नाव ऐकायची आणि मगच लिहायची. सुगंधाचा दाखला न्यायला तिची आजी आली होती. मी तिथेच बसले होते, म्हणून आठवतं. म्हातारीनं नुकतीच मिश्री लावली होती, बोट अजून तोंडात होतं. यमुनानं विचारलं, "आजी, गावाचं नाव काय?" म्हातारी म्हणाली, "खाम." यमुनानं पुन्हा विचारलं. पुन्हा खाम. यमुना माझ्याकडे बघून समाधानानं म्हणाली, "बघ, गावचे लोक ब म्हणतच नाहीत." आणि तिनं शेवटचा बी न घालता नाव लिहून टाकलं. अक्षर सुरेख, के अगदी डौलदार.

यानंतर बारा-तेरा वर्षं गेली. यमुना निवृत्त झाली आणि पेणला भावाच्या घराच्या खालच्या मजल्यावर राहू लागली. लग्न तिनं केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मी मुलाबरोबर रोह्याला राहायला गेले होते. एके दुपारी तिचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "नलू, उद्या खांबला येशील? मला सोबत पाहिजे."

झालं होतं ते असं. सुगंधा नर्स झाली होती. मुंबईच्या एका रुग्णालयात सहा वर्षं काम करून तिला परदेशातल्या रुग्णालयात जागा मिळाली होती. घरात वडील नव्हते, दोन धाकटी भावंडं शिकत होती. या नोकरीवर त्या घराचं बरंच काही अवलंबून होतं. महिनाभरात रुजू व्हायचं होतं आणि पासपोर्ट अडला होता. जन्माच्या दाखल्यावर गावाचं नाव शेवटी बी लावून, शाळेच्या दाखल्यावर बी शिवाय. कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, तुमचा जन्म नक्की कोणत्या गावचा? ही दोन वेगळी गावं नाहीत याचा पुरावा आणा. कुणी म्हणे शाळेत जा, कुणी म्हणे कोर्टात जा. शेवटी ती फाइल घेऊन बाईंकडे आली. तिला मदत हवी होती, तक्रार करायला ती आली नव्हती. यमुनानं दाखला हातात घेतला आणि तिला स्वतःचं अक्षर दिसलं.

सुगंधानं मला नंतर सांगितलं की बाई बराच वेळ तो कागद धरून बसल्या. ती म्हणाली, "बाई, राहू दे, मी करते काहीतरी." यमुनानं फक्त विचारलं, "तुझी आजी आहे का गो?" आजी जाऊन चार वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी खांबला उतरलो. हायवेच्या टपरीवर चहा पिणाऱ्या चार माणसांना यमुनानं विचारलं, या गावाचं नाव काय? ते आमच्याकडे बघायलाच लागले. पाटीखाली उभं राहून दोन म्हाताऱ्या हे काय विचारतायत. "खांब," ते म्हणाले. बांधावर गवत कापणाऱ्या बाईला विचारलं. खांब. सुगंधाच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, "खांबच व्हय, बाई. आमची सासू तेवढी खाम बोलायची. तिच्या तोंडात कायम मिश्री." यमुना ओट्याच्या कडेवर बसली. तिचा चेहरा मला आजही दिसतो. मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण ती म्हणाली, "एवढी वर्षं पोरांना सांगत आले, गावाला विचारा. आणि मी एकाच म्हातारीला विचारलं. तेही तिचं तोंड रिकामं नसताना. त्या टायपिंगवाल्याची कळ तरी मोडली होती, नलू. माझी काय मोडली होती?"

मला वाटलं, ती आता खचणार. तसं झालं नाही. ती उठली, ग्रामपंचायतीत गेली. तिथल्या शिक्क्यावरचं इंग्रजी नाव बघून घेतलं आणि गावाचं नाव हेच, असं पत्र घेतलं. मग आम्ही रोह्याला शाळेत गेलो. नवे मुख्याध्यापक भले गृहस्थ, पण घाबरले. दाखल्यात चूक झाली असं शाळेनं लिहून द्यायचं म्हणजे चौकशी, खुलासे. यमुना म्हणाली, "शाळेची चूक नाही, माझी आहे. रजिस्टरात नाव बरोबर आहे. इंग्रजी करताना मी चुकले. मी लिहून देते, तुम्ही फक्त रजिस्टराची नक्कल जोडा." तिनं तिथेच बसून इंग्रजीत अर्ज लिहिला. त्यात कुठेही नजरचुकीनं वगैरे शब्द नव्हते. मी नाव नीट विचारून घेतलं नाही, चूक माझी आहे, मुलीची नाही, एवढाच मजकूर. खाली सही, हुद्दा, आणि मूळ गावचा पत्ता... दादर, तालुका पेण, जिल्हा रायगड.

त्या कार्यालयात ती सुगंधाबरोबर स्वतः गेली. ऊन मी म्हणत होतं, तिच्या गुडघ्यांनी तेव्हाच त्रास द्यायला सुरुवात केली होती, तरी रांगेत उभी राहिली. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, "बाई, निवृत्तीनंतर तुम्ही हे लेखी देताय. उद्या कुणी विचारलं तर?" यमुना म्हणाली, "विचारू दे की. हात माझा, चूक माझी. पोरगीला कशाला अडवता?" त्यांनी कागद फाइलला लावले आणि आठ दिवसांनी यायला सांगितलं. ते आठ दिवस यमुना नीट जेवली नाही असं तिची भावजय सांगते. नवव्या दिवशी सुगंधाचा फोन आला. ती म्हणाली, "बाई, झालं." यमुनानं विचारलं, "बी घातलाय का?" सुगंधा म्हणाली, "घातलाय."

सुगंधा आज तिथल्या वॉर्डची मुख्य आहे, भावंडं मार्गी लागली. पण त्या प्रकारानं यमुना बदलली, आणि मला ती नंतरची यमुना जास्त आवडायची. मार्क कापणारी बाई गेली. चुकलेल्या माणसाच्या शेजारी बसून, "मी पण चुकले होते, ऐक," अशी सुरुवात करणारी बाई आली. हमरापूर-जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत कामाला असलेल्या बायका तिच्याकडे येऊ लागल्या त्या याच काळात. जोह्याचे गणपती परदेशात जातात, खोक्यांवर पत्ते इंग्रजीत लिहावे लागतात. एका बाईला पत्ता लिहिता येत नव्हता, ती विचारायला आली. पुढच्या शनिवारी तिनं दोघींना आणलं. बघता बघता यमुनाच्या पुढच्या खोलीत शनिवारचा वर्ग सुरू झाला. हाताला रंग आणि माती लागलेल्या दहा-बारा जणी, खाली सतरंजी, भिंतीला एक छोटा फळा. त्यांना इंग्रजी बोलायला यावं असा काही हेतू नव्हता. आपलं नाव, आपलं गाव आणि माल जायचा ते गाव, एवढं चोख लिहायचं. नवं गाव आलं की यमुना दोघी-तिघींना तरी विचारायची. एकीला कधीच नाही.

शेवटची भेट मार्गशीर्षातली. तिला दम लागत होता, पण उठून बसली. मला म्हणाली, "एक बाई कारखान्यांच्या गाळ्यागाळ्यांतून फिरून नवीन पोरींना पाठवते माझ्याकडे. मला आता उभं राहवत नाही. तू ये ना शनिवारी." मी म्हटलं, "माझं इंग्रजी तुला माहीत आहे. मी शिवाजी आणि अफझलखान शिकवलेली बाई." ती हसली. "गावं तर तुला सगळी येतात," म्हणाली. मी बघते म्हटलं आणि विषय बदलला. पुढच्या भेटीत सांगू, असं वाटलं होतं.

ती गेल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी मी पेणला गेले, तिच्या भावजयीला भेटायला आणि खोलीतली पुस्तकं शाळेला द्यायची होती ती बांधायला. पोचले तर दाराशी चपलांचा ढीग. मला वाटलं, अजून लोक भेटायला येतायत. आत बघते तर सतरंजी घातलेली, बायका वह्या उघडून बसलेल्या. मी म्हटलं, "अगं, तुम्ही...?" त्यातली एक पोक्त बाई म्हणाली, "आमाला कुणी सांगितलं नाय बंद म्हणून." भावजय दारात उभी राहून म्हणाली, "शनिवार होता, मी खोली उघडली. सवयीनं." पुस्तकं तशीच राहिली. मी फळ्याजवळच्या खुर्चीवर बसले.

मागे भिंतीला टेकून एक नवी मुलगी बसली होती, विशीतली. पहिल्यांदाच आली होती. तिची वही कोरी होती. मी विचारलं, "तुझं नाव काय?" "शेवंती." "कुठली?" तिनं शेजारणीकडे पाहिलं. शेजारची म्हणाली, ती वर डोंगराकडच्या कातकरी वाडीतली. मी म्हटलं, वाडीचं नाव काय? शेवंती म्हणाली, "नाव नाय बाई. कागदावर कुटंच नाय. नुसती वाडी बोलतात." बायका माझ्याकडे बघायला लागल्या. यमुना असती तर काय केलं असतं, हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, "तुम्ही काय म्हणता? तुझी आई काय म्हणते?" "वाडी." "आणि खालच्या गावातले लोक?" "ते पण वाडीच बोलतात. वाडीवरची मानसं आली, असं." मी म्हटलं, "मग तेच नाव झालं की."

मी फळ्यावर लिहून दाखवलं. तिनं बघून बघून वहीत उतरवलं आणि वही माझ्यापुढे धरली. डब्ल्यू हे अक्षर पहिल्या आणि दुसऱ्या लिपीत सारखंच असतं, फरक असतो तो फक्त आकाराचा. तिनं काढलेला डब्ल्यू बाकीच्या अक्षरांएवढाच होता. मी म्हटलं, "पहिलं अक्षर मोठं काढायचं. नाव आहे ना ते." तिनं माझ्याकडे पाहिलं, खरं सांगतेय का ते बघत असावी. मग खोडरबर मागून घेतला, अक्षर पुसलं आणि वहीवर वाकून पुन्हा काढलं, दोन ओळी भरतील एवढं मोठं.